एका सुईतले दोन विषाणू

मणिपूरची राजधानी इंफाळहून निघालेला एक रस्ता सुमारे ११० किलोमीटरवर, मोरे येथे, म्यानमारच्या सीमेला भिडतो. १९८०च्या दशकात याच सीमेवरून हेरॉइन मणिपुरात आले. स्थानिक लोक त्याला ‘नंबर फोर’ म्हणतात. तरुण ते सुईने टोचून घेत. सिरिंज मिळवणे अवघड आणि जवळ बाळगणे धोक्याचे, त्यामुळे एकच सिरिंज अनेक हातांतून फिरत असे. १९९०च्या सुमारास या तरुणांच्या रक्तात एचआयव्ही आढळला आणि राज्य हादरले. त्याच सुईतून शिरणारा हिपॅटायटिस सी मात्र कोणाच्या हिशेबात नव्हता. तो असणार तरी कसा, त्या विषाणूची ओळखच मुळी १९८९ साली पटली होती.

हा विषाणू चिवट आहे. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात तो कित्येक आठवडे तग धरू शकतो, आणि शरीरात शिरल्यावर वीस-तीस वर्षे गाजावाजा न करता यकृत निबर करत जातो. सोबत एचआयव्ही असेल, तर हा काळ आणखी आखडतो.

एप्रिल २००४ पासून महाराष्ट्र, मणिपूर यांसह सहा राज्यांत आणि दिल्लीत एचआयव्हीला दाबून ठेवणारी एआरटी औषधे मोफत मिळू लागली. एचआयव्ही आटोक्यात आला, रोगाशी लढणाऱ्या सीडी४ पेशी वाढल्या, आणि तरीही काही जणांच्या पोटात पाणी साठू लागले, कारण हिपॅटायटिस सीने निबर केलेले यकृत आता जिवावर उठले होते. हिपॅटायटिस सीवरचा तेव्हाचा उपचार म्हणजे दर आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि रोज रिबाविरिनच्या गोळ्या, तेही ४८ आठवडे. ताप, नैराश्य आणि लाखांचा खर्च सोसूनही बरे होण्याची हमी नव्हती.

हिपॅटायटिस सीवरचे नवे औषध, सोफोसबुविर, २०१३ मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा १२ आठवड्यांच्या गोळ्यांची किंमत ८४,००० डॉलर होती. पुढे भारतीय कंपन्यांनी तेच औषध त्याच्या अगदी लहानशा अंशात विकले. सरकारी कार्यक्रमातून ते मोफत देण्याची घोषणा २८ जुलै २०१८ रोजी झाली. एकाच सुईने दिलेल्या दोन आजारांच्या मोफत औषधांत १४ वर्षांचे अंतर पडले, आणि ते औषधशास्त्रापेक्षा किमतीने आणि प्राधान्यक्रमाने अधिक लांबवले, असे म्हणणे भाग आहे.

यकृताच्याच दुसऱ्या विषाणूची, हिपॅटायटिस बीची, गोष्ट वेगळी. एआरटीतील टेनोफोविर आणि लॅमिवुडिन त्यालाही आवर घालतात. म्हणूनच या गोळ्या अचानक थांबवल्या, तर दबलेली कावीळ उसळून प्राणावर बेतू शकते. सीवरचा उपचार सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी करतात, कारण एक विषाणू हटताच दुसरा डोके वर काढू शकतो.

नव्या गोळ्यांनी शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात, एचआयव्ही असला तरीही. पण सीवर लस नाही, आणि एकदा बरे झाल्याने पुढचे संरक्षणही मिळत नाही. शिवाय विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची चाचणी बहुधा कायम पॉझिटिव्हच येते, त्यामुळे आजार परतला की फक्त जुनी खूण उरली, हे ठरवण्यासाठी बऱ्या झालेल्या माणसाला दर वेळी खुद्द विषाणू शोधणारी आरएनए चाचणीच करावी लागते.