‘नेट गयं’ म्हणण्याआधी

मंडळी, घरातून केबलवाल्याला जो फोन जातो त्यातलं वाक्य ठरलेलं असतं: ‘भाऊ, नेट गयं.’ ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. खांबावरची फायबर (प्रकाश वाहून नेणारी काचेची वायर) तुटली, डब्याला वीज देणारा अडॅप्टर गेला, रिचार्ज संपला किंवा मोबाइलच राउटरपासून लांब पडला, तरी घरात दिसतं एकच: स्क्रीनवर चक्री फिरत राहते. हे चारही बिघाड वेगळे आहेत, आणि यातले काही घरबसल्या पाच-दहा मिनिटांत निघतात. बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते घरातल्या नेटच्या डब्यावरच्या दिव्यांवरून ओळखता येतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

पण आधी काय करायचं नाही ते सांगतो. डब्याच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं, शेजारी ‘रीसेट’ लिहिलेलं असतं. त्याला हात लावू नका. रीस्टार्ट आणि रीसेट ही नावं सारखी वाटतात, काम अगदी वेगळं आहे. रीस्टार्टमध्ये डबा बंद होऊन चालू होतो आणि आतली सेटिंग जागेवर राहते. रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरलं की युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा नंबर (ऑपरेटरने लाइनसाठी भरलेला क्रमांक), वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. मग ज्या माणसाला नुसता कनेक्टर बदलून जायचं होतं त्याला डब्यातली सगळी सेटिंग नव्याने भरत बसावं लागतं, आणि तुमचा मूळ बिघाड तसाच राहतो.

रीस्टार्ट मात्र जरूर करा, पण नीट करा. अडॅप्टरचं बटण बंद करा, ३० सेकंद थांबा, मग चालू करा आणि पुढची ३ मिनिटं काहीही करू नका. डबा उठतो, पलीकडच्या यंत्राशी ओळख पटवतो, लॉगिन करतो, याला तेवढा वेळ लागतोच. घाईने तीनदा बंद-चालू केलं तर तो एकदाही पूर्ण उठत नाही. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी फायबरचा डबा उठू द्या, मग राउटर लावा.

आता रस्ता समजून घेऊ. ऑपरेटरच्या खोलीत ओएलटी नावाचं यंत्र असतं. तिथून निघालेला प्रकाश फायबरमधून खांबाखांबाने येतो, वाटेत स्प्लिटरमध्ये आठ, सोळा किंवा बत्तीस वाटा होतात, त्यातली एक वायर तुमच्या भिंतीतून आत येते आणि ओएनटी म्हणजे तुमच्या डब्याला लागते. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो प्रकाशाची फक्त वाटणी करतो. म्हणून गल्लीतली लाइट गेली तरी, तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल आणि ऑपरेटरच्या खोलीत बॅटरी असेल, तर फायबरचं नेट चालू राहायला हवं. काही गावांत अजून जुनी पद्धत आहे: फायबर चौकापर्यंत आणि तिथून घरोघर निळी-करडी लॅन केबल. त्यात मधला स्विच कुणाच्या तरी गच्चीवर, त्यांच्याच मीटरवर चालतो. भारनियमनात त्या घराची लाइट गेली की चार घरांचं नेट जातं, तुमचा डबा इन्व्हर्टरवर लखलखत असला तरी. तुमचं नेट नेहमी लाइटबरोबरच जात असेल तर हे आधी तपासा, आणि त्या स्विचला बॅटरी बसवायला ऑपरेटरला सांगा. ती मागणी रास्त आहे.

आता दिवे बघू. एकही दिवा नसेल तर विजेचा प्रश्न आहे, बोर्ड आणि अडॅप्टर बघा. ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. एलओएस बंद आहे पण ‘पॉन’चा हिरवा दिवा लुकलुकतोच आहे, स्थिर होत नाही, तर प्रकाश येतोय पण ओएलटीने डब्याला ओळखलेलं नाही, नाहीतर प्रकाश फार क्षीण आहे. पॉन स्थिर आणि ‘इंटरनेट’चा दिवा लाल किंवा बंद असेल तर लाइन चांगली आहे, अडलंय ते लॉगिन किंवा रिचार्ज. आणि सगळे दिवे हिरवे असून मोबाइलवर काही उघडत नसेल तर दोष बहुधा घराच्या आत आहे.

लाल एलओएसपाशी थोडं थांबतो, कारण इथे घरात करण्यासारखं आहे. ओएनटीच्या खाली किंवा मागे चौकोनी हिरवा कनेक्टर लागलेला असतो. तो हलकेच दाबून बघा, ‘टक्’ आवाज येऊन बसायला हवा. झाडू मारताना, टेबल सरकवताना तो दोन मिलिमीटर मागे येतो आणि तेवढ्याने प्रकाश तुटतो. मग तिथून भिंतीपर्यंत वायरवर बोट फिरवत जा. कुठे खिळ्याला घट्ट गुंडाळली आहे का, दाराच्या फटीत चेपली आहे का, कपाटामागे काटकोनात मोडली आहे का? घरात ओढायची चांगली फायबर १० मिलिमीटर त्रिज्येचं वळण सहन करते, जुन्या प्रकारच्या फायबरला ३० लागतं. सोपं माप लक्षात ठेवा: चहाच्या कपाच्या तोंडाएवढा वेढा चालतो, पेन्सिलीभोवती गुंडाळलेला चालत नाही. वेढा सैल केल्यावर लाल दिवा गेला तर बिघाड तिथेच होता.

कनेक्टर काढायचा असेल तर डबा बंद करून काढा आणि टोकाला बोट लावू नका. पांढऱ्या नळीच्या मधोमध जी काच आहे तिचा प्रकाश वाहणारा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. बोटाचं तेल किंवा रस्त्याची धूळ त्यावर बसली की वाट अडली. रुमालाने पुसू नका, रुमालाचे तंतू तिथे चिकटून राहतात. टोक डोळ्यासमोर धरून बघू नका, आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तरीही अपाय करू शकतो. आणि हिरव्याच्या जागी निळा कनेक्टर जोडू नका. हिरव्याचं टोक ८ अंश तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोन्ही आत जातात, पण टोकं जुळत नाहीत आणि प्रकाश वाया जातो.

घरातली वायर ठीक आहे, तरी दिवा लालच? मग शेजारी विचारा, पण त्याच ऑपरेटरचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याला. त्याचंही बंद असेल तर ऑपरेटरपासून स्प्लिटरपर्यंतची मोठी लाइन गेली आहे आणि ती आपोआप सगळ्यांची येईल. फक्त तुमचंच बंद असेल तर खांबापासून तुमच्या घरापर्यंतचा तुकडा संशयित. आपल्याकडे त्याची कारणं ठरलेली आहेत. कडबा उंच रचलेली ट्रॉली रस्ता ओलांडणाऱ्या केबलला अडकते. रुंदीकरणात, नळाच्या खोदाईत जेसीबीचं दात लागतं. खार आणि उंदीर वरचं काळं आवरण कुरतडतात. सातपुड्याच्या बाजूला वानरं केबलवरून झोके घेतात. आणि मे-जूनच्या ज्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, त्यातच फांद्या केबलवर पडतात. तुटलेलं टोक खाली लोंबताना दिसलं तर ते ओढू नका, चिकटपट्टीने जोडू नका. फायबर सहसा मशीनवर वितळवून जुळवतात. दुरुस्तीला आलेल्या माणसाला तुम्ही फक्त जागा दाखवा, त्याचा शोधण्याचा वेळ वाचेल.

नेट येतं-जातं, पाऊस पडला की जातं आणि ऊन पडलं की येतं, अशी तक्रार असेल तर प्रकाश किती येतोय ते बघा. बहुतेक ओएनटींत १९२.१६८.१.१ किंवा डब्याच्या पाठीवर लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन केलं की ऑप्टिकल माहितीच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद, दिसते. आकडा उणे असतो. घरच्या ओएनटीला साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम (हे त्या ताकदीचं एकक) चालतं. उणे १८, उणे २२ असेल तर निश्चिंत राहा. उणे २६ च्याही खाली गेलं की जरा धक्का लागला तरी लाइन पडते. हे माप सरळ चढत नाही: ३ डीबी घटलं म्हणजे प्रकाश निम्मा झाला. बत्तीस वाटांचा स्प्लिटर एकटाच सुमारे १७ डीबी खातो, त्यामुळे पुढच्या जोडांना फारशी मोकळीक उरत नाही. जो जोड मशीनवर नीट झाला तो ०.१ डीबी खातो, घाईचा आणि पाणी शिरलेला जोड कितीतरी जास्त. हा आकडा कनेक्शन नवं असताना लिहून ठेवा. महिन्याभरात उणे १९ वरून उणे २५ वर आला, तर नेट चालू असतानाच तक्रार करा.

अडॅप्टर आणि उन्हाळा हे मला एकाच दमात सांगावं लागतं. जळगाव, भुसावळात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. घरगुती डब्यांवर सहसा ४० अंशांपर्यंतचीच हमी असते, आणि पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर, इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवलेला डबा त्याच्या पुढे जातो. दुपारी एक ते पाच नेट अडखळतं आणि रात्री सुरळीत होतं, तर आधी डबा हलवा: आतल्या भिंतीवर, उभा, चार बाजूंनी हवा लागेल असा. त्याच उष्णतेत अडॅप्टरमधले कॅपॅसिटर सुकतात. मग दिवे लागतात, वायफायचं नाव दिसतं, पण चार मोबाइल जोडले की डबा स्वतःच रीस्टार्ट होतो. मल्टिमीटरवर असा अडॅप्टर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तेव्हा त्याच्यावर भार नसतो. बदलताना व्होल्ट तंतोतंत तेच घ्या. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, म्हणजे १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी १२ व्होल्ट २ अँपिअर लावता येतो, ९ व्होल्टचा नाही. पिनची जाडी आणि मधला टोक धन आहे ना, तेही बघा. भारनियमनासाठी मिनी यूपीएस घेणार असाल तर हिशेब सोपा आहे: आतल्या बॅटऱ्या मिळून २२ वॅट-तासांच्या आणि डबा ८ वॅटचा असेल, तर थोडं वाया जाऊन दोन-सव्वादोन तास निघतात.

इंटरनेटचा दिवा लाल असेल तर रिचार्जची तारीख बघा. जिथे कॉम्प्युटरवरून थेट डायल करतात तिथे स्क्रीनवर एरर ६९१ आलं तर युजरनेम-पासवर्ड चुकलाय किंवा खातं बंद आहे, ६५१ किंवा ६७८ आलं तर पलीकडून उत्तरच येत नाही. राउटर नवा आणला असेल तर त्याचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) ऑपरेटरकडे नोंदवावा लागू शकतो.

सगळे दिवे हिरवे असतील तर लॅपटॉप केबलने थेट डब्याला जोडा. केबलने चालतं आणि वायफायवर नाही, तर लाइनला दोष देऊ नका. उन्हाळ्यात एक गोष्ट हमखास होते: राउटर आणि खाट यांच्या मधोमध कूलर येतो. पत्र्याची पेटी आणि टाकीभर पाणी वायफायला चांगलंच अडवतात. धाब्याच्या जुन्या घरांत मातीच्या जाड भिंती हेच करतात. डबा छातीच्या वर ठेवा आणि लांबच्या खोलीत वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याऐवजी २.४ चा वापरा, राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ ठेवून.

केबलनेही चालत नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला तर डब्याने पत्ता दिलेलाच नाही, केबल किंवा पोर्ट बदला. पत्ता ठीक असेल तर तिथेच ‘पिंग ८.८.८.८’ द्या, म्हणजे गूगलच्या सर्व्हरकडून उत्तर येतं का ते दिसेल. उत्तर येतं पण वेबसाइट उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय, अडलंय. राउटरमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. फक्त एकाच अँड्रॉइड फोनवर बंद असेल तर ‘प्रायव्हेट डीएनएस’ ऑटोमॅटिकवर आहे का बघा.

एवढं झाल्यावर फोन करा आणि असं सांगा: ‘एलओएस लाल आहे, कनेक्टर दाबून पाहिला, शेजाऱ्याचं चालू आहे, मागच्या महिन्यात पॉवर उणे १९ होती.’ एवढं ऐकल्यावर माणूस कोणतं सामान घेऊन निघायचं ते ठरवू शकतो. दिव्यांचा फोटो पाठवा. तक्रारीचा डॉकेट नंबर (नोंदणी क्रमांक) मागून घ्या. तो देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि दाद लागली नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ग्राहक क्रमांक, युजरनेम, हेल्पलाइन आणि चांगल्या दिवसाची आरएक्स पॉवर एका कागदावर लिहून डब्याच्या शेजारी भिंतीला चिकटवा. नेट गेल्यावर हे मोबाइलमध्ये शोधायला नेट लागतं.