छपराला खातं ते ऊन

(सातपूर. फॅब्रिकेशनच्या दुकानात ग्राइंडरच्या ठिणग्या.)

रोहिणी नक्षत्र लागलं की सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेटरांना जेवायलाही सवड मिळत नाही. सिडकोतल्या रो-हाऊसपासून गंगापूर रोडच्या बंगल्यांपर्यंत सगळ्यांना एकदम आठवतं, खिडकीवरचं छप्पर करायचं राहिलंच! आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: गळणार नाही ना?

नवं छप्पर सहसा गळत नाहीच. विचारायचं ते उन्हाचं. नाशिकला पाऊस चार महिने, ऊन उरलेले आठ.

(जुन्या शेडवरचा पिवळा पडलेला फायबर पत्रा.)

हा फायबरचा पत्रा. स्वस्त, उजेड देणारा. पण अतिनील किरणांनी वरचा थर झिजतो, आतले काचतंतू उघडे पडतात, हात फिरवला तर कुसळं टोचतात. मग एखाद्या मार्चमध्ये गारपीट होते. द्राक्षबागांचं नुकसान बातम्यांत येतं. या पत्र्यांची दखल कोण घेणार?

कापडी छप्पर दिसतं देखणं. घ्यायचंच तर अॅक्रिलिकचं, ज्यात सूत तयार होतानाच रंग मिसळलेला असतो. नंतर रंगवलेलं कापड लवकर विटतं. उतार मात्र चांगला ठेवा. एक चौरस मीटर कापडावर एक सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते 10 किलोंचं ओझं असतं. गुंडाळता येणारं असेल तर पावसाळ्यात गुंडाळूनच ठेवलेलं बरं.

पश्चिमेच्या भिंतीला दुपारचं ऊनही आणि पावसाची झडही. तिथे आमची पसंती कलर कोटेड पत्र्याला, खाली जस्त आणि अॅल्युमिनियमचा मुलामा असलेल्या. आवाज करतो, कबूल. जोराच्या सरीत फोनवर बोलणं विसरा. पण तो ग्राइंडरनं कापू देऊ नका. त्या उष्णतेनं कडेचा मुलामा जळतो, उडालेला लोखंडी कीस पत्र्यावर बसून गंजतो. पत्र्याच्या कात्रीनं कापायला सांगा. थोडी कुरकुर होईल, होऊ द्या.

(बाल्कनीवर पॉलिकार्बोनेट शीट चढवताना कारागीर.)

उजेड हवा असेल तर भरीव पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक टणक प्लास्टिक. गारांचा मार ते चांगला सोसतं. मात्र उन्हापासून वाचवणारा थर बऱ्याच शीटना एकाच बाजूला असतो आणि ती बाजू वरच यायला हवी. सहसा त्या बाजूला चिकटवलेल्या पातळ फिल्मवर तसं छापलेलं असतं. उलटी बसलेली शीट खालून ओळखू येत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनी पिवळेपणा दिसतो, तोवर कारागिराचा फोन लागत नाही.

शिवाय ती तापली की पसरते. थंडीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत तीन मीटरच्या शीटची लांबी 8 ते 10 मिलिमीटरनं बदलते. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं, वर रबरी वॉशर, आणि आवळणं बेतानं. गच्च आवळलेली शीट स्क्रूपाशीच तडकते.

आणि बसवली त्याच दिवशी फिल्म सोलून घ्या. उन्हात राहिली तर अशी चिकटते, की नखांनी खरवडत बसावं लागतं.