नाव सगळ्यात शेवटी

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

सोलापुरात बोटीच्या इंजिनावर व्याख्यान आहे, असं पत्रिकेत वाचून बऱ्याच जणांनी फोन केले. मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटर. एकाने विचारलं, "सर, सिद्धेश्वर तलावात काय सापडलं का?" (हशा) तलावात नाही, सीना नदीच्या काठी सापडलं. एका बंद पडलेल्या करडईच्या घाण्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांमागे.

ऑइल इंजिन म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक गिरणीत नाहीतर वर्कशॉपमध्ये हात काळे केलेले आहेत. वीज गावात पोचायच्या आधी विहीर, पिठाची गिरणी, घाणा, सगळं इंजिनावर. रस्टन, लिस्टर, पेटर, आपली किर्लोस्कर, साताऱ्याची कूपर. ज्याला नवं परवडत नसे तो जुनं आणायचा, आणि जुन्या मालाची मोठी पेठ म्हणजे मुंबईचा दारूखाना. तिथे जहाजं आणि बोटी मोडल्या जात. मोडलेल्या बोटीचं इंजिन चालू असेल तर त्याला समुद्र काय आणि सीना काय, सारखंच.

घाण्याचे मालक आता थकलेत. गाव त्यांना अण्णा म्हणतं, मीही तेच म्हणतो. अण्णा म्हणाले, "रस्टन हाय ते. वडलांनी आणलंय." आपल्याकडे जुनं इंजिन दिसलं की ते रस्टनच असतं, त्यामुळे मी पुढे विचारलं, नावाची प्लेट कुठाय? अण्णा म्हणाले, "होती की. पितळेची होती. भंगारवाला आलता, इंजिनाचा भाव काय जमला नाही. मग म्हणला, अण्णा, निदान पितळ तरी द्या."

आणि दिली. छिन्नीने चार रिवेट उडवले, प्लेट गोणीत गेली. मी त्या भंगारवाल्याला शोधून काढलं. तो भला माणूस, चहा पाजला, पण प्लेट केव्हाच वितळली होती. त्याने मला धंदा समजावून सांगितला. "सर, बीड वेगळं, पितळ वेगळं, तांबं वेगळं. पितळ बिडात घातलं तर माझं नुकसान असतंय की." (बीड म्हणजे ओतीव लोखंड.) त्याचं काहीच चुकलं नाही. पण त्या मूठभर पितळेवर काय होतं ते बघा. बनवणाऱ्याचं नाव, गाव, इंजिनाचा नंबर, हॉर्सपॉवर, मिनिटाचे फेरे. जुने कारखाने प्रत्येक इंजिनाची नोंद वहीत ठेवत. नंबर कळला आणि वही शिल्लक असली, की ते कोणत्या साली बाहेर पडलं, कोणाला विकलं, कधी कधी कोणत्या बोटीत बसलं, इथपर्यंत पोचता येतं.

भंगारवाल्यावर माझा राग नाही. राग शिकलेल्या लोकांवर आहे. एका संग्राहकाकडे मी एक सुंदर इंजिन पाहिलं. नवा रंग, चकचकीत तेलाच्या वाट्या आणि मधोमध एका नामांकित कंपनीची प्लेट. प्लेट अस्सल, इंजिन अस्सल, पण दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही! प्लेटची भोकं नवी पाडलेली, कडा अजून चमकत होत्या. वर सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा मारा करून, जुना रंग मुळापासून काढलेला. प्लेट गेली तर इंजिन मुकं होतं. दुसऱ्याची प्लेट लावली तर ते खोटं बोलायला लागतं, आणि पुढे पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासाला बसला तर त्याची वाट लागते. मुकं इंजिन मला चालतं. त्याच्याकडून अंगावरच्या खुणा वाचून माहिती काढता येते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: आधी अंग वाचा, नाव सगळ्यात शेवटी.

अण्णांच्या इंजिनावर प्लेट नव्हती, पण प्लेटची जागा होती. चार भोकं आणि त्यांच्यामध्ये एक लंबगोल. बाकी इंजिनावर तेल आणि धूळ चढून काळं पुट झालेलं, या लंबगोलात मात्र करडा रंग, जसा कारखान्यात मारला तसा. प्लेटने तो इतकी वर्षं झाकून ठेवला होता. भोकांमधलं अंतर मी पट्टी ठेवून मोजलं, फोटो घेतले. लंबगोल प्लेट सगळेच लावत नसत, म्हणजे तिथेच काही नावं मागे पडतात. आता हेच ब्लास्टिंगला दिलं असतं तर?

मग बोटीचं कशावरून? पहिली खूण पायांची. जमिनीवरच्या इंजिनाचे पाय तळाला असतात, ते फाउंडेशनवर बसतं. बोटीत इंजिन दोन लांब तुळयांच्या मधे बसवतात, म्हणून त्याचे पाय बाजूला आणि वर, क्रँकशाफ्टच्या उंचीच्या आसपास येतात. अण्णांच्या वडिलांनी सिमेंटचे दोन उंच कट्टे बांधून त्यांच्या मधे ते बसवलं होतं. ते असं लटकवून का बसवलंय, हे गावात कोणालाच सांगता येत नव्हतं! दुसरी खूण थ्रस्ट बेअरिंगची. बोटीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाणी मागे लोटतो तेव्हा शाफ्ट पुढे रेटला जातो; तो रेटा कुठेतरी घ्यावा लागतो. घाण्याच्या पट्ट्याला असा रेटा नसतो, तरीही या इंजिनाच्या शेपटाला जाड थ्रस्ट बेअरिंगचं घर होतं. तिसरी, गार करण्याची सोय. शेतातल्या कितीतरी इंजिनांना डोक्यावर पाण्याचा हौद असतो. इथे हौद नाही, इंजिनाच्याच अंगावर गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा पंप, कारण खाऱ्या पाण्यात बीड आणि पोलाद टिकत नाही. धुराड्याभोवतीसुद्धा पाण्याचं जॅकेट, बंदिस्त बोटीत तापलेलं धुराडं उघडं ठेवता येत नाही म्हणून. आणि बाजूला एक रिकामं ब्रॅकेट, बोटीच्या तळाला साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं.

एक शंका हमखास येते. रिव्हर्स गिअर नाही, मग बोटीचं कसं? या इंजिनाला डोक्यावर गोळा आहे, आपण सेमी-डिझेल म्हणतो ते. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टने 1890 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि 1892 पासून इंग्लंडमधल्या ग्रँथमच्या हॉर्नस्बी कारखान्याने अशी इंजिनं बनवली. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन 1897 चं. ब्लो लॅम्पने, म्हणजे जोरदार ज्योतीच्या दिव्याने, गोळा लाल होईपर्यंत तापवायचा, मग चाक फिरवायचं. एकदा सुरू झालं की गोळा स्वतःच्या जळणानेच तापलेला राहतो. दोन स्ट्रोकचं असं इंजिन उलटंही तितकंच छान फिरतं. स्टॉकहोमच्या बोलिंडर कंपनीने त्याचाच उपयोग केला: इंधन तोडायचं, फेरे पडू द्यायचे, आणि नेमक्या क्षणी लवकर फवारा मारायचा. इंजिन लाथ मारून उलटं फिरतं, बोट मागे येते. गिअरबॉक्स लागतच नाही. ब्लो लॅम्पवर खरं तर एक वेगळं व्याख्यान...

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतात. ज्याला मी संशोधन म्हणतो ते तर अजून सुरूच व्हायचंय, तेव्हा आता भराभर सांगतो.

नंबर दोन प्रकारचे. उठावाचे आकडे ओतकामातले. ते साच्याचे असतात, एकाच साच्यातून शेकडो नग निघतात. पंचाने ठोकलेला नंबर त्या एका इंजिनाचा. तो प्लेटखेरीज कनेक्टिंग रॉडच्या टोपीवर, फ्लँजवर, शाफ्टच्या तोंडावर शोधा. रंग खरवडू नका. टॉर्च तिरका धरा, कागद ठेवून पेन्सिल घासा. जहाज लॉइड्स रजिस्टरसारख्या संस्थेने तपासलेलं असेल तर सर्व्हेयरचा शिक्का शाफ्टवर ठोकलेला सापडू शकतो.

बोल्टचे आटे पिच गेजने, म्हणजे आटे मोजायच्या दातेरी पट्टीने मोजा. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ, म्हणजे इंग्लिश मापाच्या बोल्टला इंचात 12 आटे, अमेरिकन बोल्टला 13. पण व्हिटवर्थ दिसलं म्हणजे इंग्लंड, असं लगेच ठरवू नका. युरोपातले पुष्कळ कारखाने कितीतरी वर्षं इंचाचेच आटे पाडत होते.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजायचा तो पिस्टनच्या रिंगा पोचत नाहीत तिथे, कारण तिथेच झीज नसते. मग स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव. इंग्लंडच्या गार्डनर कंपनीच्या एलडब्ल्यू मालिकेतल्या इंजिनांत बोअर सव्वाचार इंच आणि स्ट्रोक सहा इंच, सिलिंडर कितीही असोत. एवढ्या दोन मापांवर घराणं कळतं. अण्णांच्या इंजिनाचा बोअर मिलिमीटरमध्ये पूर्ण आकड्यात बसला, इंचात बसेना. आटे मात्र व्हिटवर्थ. या दोन गोष्टी एकत्र आल्या की अंदाज इंग्लंडकडून स्वीडन, डेन्मार्क, हॉलंडकडे वळतो. बोलिंडर, लीसेकिलची स्कांडिया, कोपनहेगनची टक्सहॅम, अ‍ॅम्स्टरडॅमची क्रोमहाउट, ही सगळी गोळ्याच्या इंजिनांची घराणी.

जोडभागांवरून साल काढताना जपून. जर्मनीच्या बॉश कंपनीने डिझेल इंजिनात इंधन फवारणाऱ्या पंपांचं मोठं उत्पादन 1927 मध्ये सुरू केलं, म्हणून तसा पंप दिसला की तो पंप त्यानंतरचा. इंजिन त्याच्या आधीचंही असू शकतं, पंप बदललेला असू शकतो.

आणि लिहिताना दोन रकाने करा. एकात डोळ्यांनी पाहिलेलं आणि मोजलेलं, दुसऱ्यात त्यावरून बांधलेला अंदाज. अण्णांच्या इंजिनाच्या पहिल्या रकान्यात पान भरलंय. दुसऱ्यात लिहिलंय: बोटीचं, गोळ्याचं, बहुधा उत्तर युरोपातलं. कारखान्याचं नाव मी अजून घातलेलं नाही आणि पंचाचा नंबर सापडेपर्यंत घालणार नाही. क्रँककेसचं झाकण अजून उघडायचंय, त्याचे नट गंजून बसलेत, रोज थोडं रॉकेल सोडतोय. अण्णांनी विकणार नाही असा शब्द दिलाय.

तुमच्यापैकी कोणाच्या गावात उंच कट्ट्यांवर बसवलेलं इंजिन असेल, तर जाताना मला गावाचं नाव द्या, आणि तोवर तिथल्या माणसाला पितळ विकू नका म्हणून सांगा. आता प्रश्न. मागे उभे असलेले काका, तुमचा हात मघापासून वर आहे, तुम्ही आधी बोला.