अडीच मिलिमीटरचा खलाशी

जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’ सुमारे २५१ मीटर लांब होती. १:७०० या प्रमाणात, म्हणजे मूळच्या सातशेव्या हिश्शाने, घडवलेली तिची प्लॅस्टिकची प्रतिकृती साधारण ३६ सेंटिमीटर भरते. १९७१ मध्ये चार जपानी कंपन्यांनी याच प्रमाणात पाणरेषेच्या वरचाच भाग दाखवणाऱ्या युद्धनौकांची मालिका काढली आणि तेव्हापासून हे प्रमाण जगभर रूढ झाले.

या प्रमाणात डेकवरचा खलाशी जेमतेम अडीच मिलिमीटर उंच असतो, आणि रंगाचा एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर मूळ जहाजावर सात सेंटिमीटरांचा लेप ठरतो. त्यामुळे रंग पातळ करून, एअरब्रशने, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या साधनाने, प्रत्येक थर वाळू देत हलक्या हाताने चढवावा लागतो. घाईने जाड हात फिरवला की डेकच्या फळ्यांमधल्या रेषा बुजतात, आणि बुजलेली रेष पुन्हा कोरणे फार कठीण जाते.

मात्र रंगाची बाटली उघडण्याआधी कोणत्या तारखेची बिस्मार्क दाखवायची ते ठरवायला हवे. मे १९४१ मध्ये बिस्मार्क बाल्टिक समुद्रातून मोहिमेवर निघाली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंवर काळे-पांढरे तिरकस पट्टे होते. २१ मे रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यावर नांगर टाकला असताना ते करड्या रंगाखाली झाकले गेले, २४ मे रोजी तिने ब्रिटिशांची युद्धनौका ‘हूड’ बुडवली आणि २७ मे रोजी ती स्वतः बुडाली. म्हणून हूडशी झुंजणाऱ्या बिस्मार्कवर ठळक पट्टे रंगवणे ही चूकच आहे, मग ते कितीही देखणे दिसोत. माझ्या पहिल्या प्रतिकृतीत मी हीच चूक केली होती, आणि ती उमगल्यावर सगळा रंग उतरवून पुन्हा सुरुवात केली.

छायाचित्रेही जपून वाचावी लागतात. त्या काळच्या काही कृष्णधवल फिल्मवर लाल रंग उमटतच नसे. तो जवळजवळ काळा दिसे आणि निळा मात्र फिकट. एकाच छायाचित्रावरून छटा ठरवणे म्हणूनच धोक्याचे असते.

आता प्रतिकृती घडवणाऱ्या हातांकडे पाहू. किटचे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात, त्या चौकटीचा, म्हणजे स्प्रूचा, एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवत धरला आहे. तो चकाकू लागला, मधोमध किंचित लवला, की ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही टोके ताणायची. सावकाश ताणले तर धागा जाड राहतो, झटक्यात ताणले तर केसाहूनही बारीक निघतो. जहाजावरच्या तारा आणि दोर दाखवण्यासाठी असा धागा चिमट्याने एका डोलकाठीपासून दुसरीपर्यंत नेला जातो आणि सुईच्या टोकावरच्या गोंदाने चिकटवला जातो. तेवढा वेळ श्वासही रोखून धरावा लागतो. गोंद वाळल्यावर धागा सैल वाटलाच, तर तापवलेली सुई त्याच्याजवळून, स्पर्श न करता, अलगद नेली जाते आणि बघता बघता तो ताठ होतो.