गादीखालचा पाव

(दृश्य : गांधीनगरचा कापडबाजार, सकाळची वेळ. दुकानांची शटर्स वर जात आहेत.)

कोल्हापूरजवळ आज हा घाऊक कापडबाजार आहे. त्या जागी १९४३ साली बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या. वळिवड्याची पोलिश छावणी. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. १९४८ पर्यंत इथे शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, संध्याकाळी नाटकाच्या तालमी चालत.

वळिवड्याची गोष्ट कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात, आणि सांगायलाच हवी. पण ती बहुतेकदा आपल्या पाहुणचाराची गोष्ट असते. ही माणसं इथे येताना सोबत काय घेऊन आली आणि इथून जाताना काय घेऊन गेली, ते आज ऐकूया. सामानसुमान त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांच्यासोबत होत्या त्या सवयी.

(दृश्य : बर्फाळ जंगल. लाकूडतोडीची जुनी छायाचित्रं.)

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पोलंडमध्ये पश्चिमेकडून घुसला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री पूर्व पोलंडमधल्या हजारो घरांची दारं वाजली. सामान बांधायला कुठे अर्धा तास मिळाला, कुठे तेवढाही नाही. गुरं वाहून न्यायच्या डब्यांत कोंबून या कुटुंबांना उत्तर रशियातल्या अर्खांगेल्स्ककडे, सायबेरियाकडे नेलं. पुढच्या लाटांत अनेकांना कझाकस्तानात टाकलं. मागे उरलेल्या शेजाऱ्यांनी त्या रात्रीपासून एक काम सुरू केलं. पावाचे तुकडे करून वाळवायचे, पिशवीत भरायचे आणि पिशवी दाराशी ठेवायची. आपली पाळी कधी येईल, कोण सांगणार?

तिकडे जंगलात पाव तोलून मिळे. लाकूडतोडीचा ठरवून दिलेला वाटा पुरा झाला तर तुकडा मोठा, नाही झाला तर लहान. म्हातारी आणि मुलं काम करत नाहीत, म्हणून त्यांचा तुकडा सगळ्यात लहान. मग आया आपल्यातला मोडून मुलांना देत आणि काही महिन्यांत स्वतःच अंथरुणाला खिळत.

सहा-सात वर्षांचं पोर अशा ठिकाणी काय शिकेल? मिळालेलं एकदम खायचं नाही. त्याचे भाग पाडायचे. उरलेला तुकडा अंगावरच ठेवायचा, कारण बाजूला ठेवलेला परत दिसेल याची खात्री नाही. त्या थंडीत ज्यांना हे जमलं, त्यांची जगण्याची शक्यता थोडी का होईना, वाढली.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि पारडं फिरलं. ३० जुलैला लंडनमध्ये आश्रय घेतलेलं पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला, कैद्यांची सुटका झाली. माणसं दक्षिणेकडे, उझबेकिस्तानच्या दिशेने निघाली. वाटेत टायफसने, म्हणजे उवांमधून पसरणाऱ्या तापाने, आणि भुकेने किती गेले! १९४२ मध्ये दोन खेपांत सुटलेल्या पोलिश माणसांतून उभं राहिलेलं जनरल अँडर्स यांचं सैन्य आणि त्याच्यासोबतचे नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदराला लागले.

(दृश्य : समुद्रकिनारा. तंबूंच्या ओळी.)

किनाऱ्यावर डोकी भादरली, उवांनी भरलेले कपडे जाळले. आणि जेवण मिळालं. पोटभर, चरबीदार, मांसाचं. कित्येक जण ते जेवण खाऊनच मेले. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक आलेलं इतकं अन्न झेपत नाही. ज्याची दोन वर्षं वाट पाहिली त्यानेच घात केला, आणि हेही मुलांनी डोळ्यांनी पाहिलं.

इस्फहानमध्ये अनाथ पोलिश मुलांसाठी वसतिगृहं उघडली. बागा असलेल्या इमारती, स्वच्छ चादरी, वेळेवर जेवण. आणि गाद्या उचलल्या की खाली पाव. उशीच्या अभ्र्यात पाव. सदऱ्याच्या आत पाव. कडक झालेला, बुरशी आलेला. इराणातल्या छावण्यांच्या आठवणींत हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. उद्याही पाव मिळणार आहे, असं मोठी माणसं समजावत. मुलं मान डोलावत आणि पाव लपवत.

त्या मुलांना वेडं म्हणू नये. उद्या मिळेल, हा शब्द झाला. गादीखाली आहे, हा पुरावा. आयुष्यातली गेली दोन वर्षं त्यांना हेच सांगत होती की मोठी माणसं शब्द देतात आणि मग ती मोठी माणसंच राहत नाहीत.

साधारण त्याच काळात, म्हणजे १९४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी उपासमारीचा प्रयोग केला. शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ तरुण त्यासाठी स्वतःहून पुढे आले. सुमारे सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास आहार दिला. वजन चौथाईने उतरलं. ते ताटं चाटू लागले. एका जेवणाला तास तास लावू लागले. ज्यांनी कधी चूल पाहिली नव्हती ते पाककृती जमवू लागले. काहींना नको त्या वस्तू साठवायची ओढ लागली. प्रयोग संपून भरपूर खायला मिळालं, तरी पोट भरल्यासारखं वाटायला कित्येकांना महिने लागले.

हे तरुण सुरक्षित होते. डॉक्टर शेजारी होते, प्रयोग कधी संपणार तेही ठाऊक होतं. इराणमार्गे वळिवड्याला आलेल्या मुलांना यातलं काहीच मिळालं नव्हतं. शिवाय वय वाढीचं.

(दृश्य : वळिवडे छावणीची छायाचित्रं. स्काउटच्या गणवेशातली मुलं.)

वळिवड्यात एक चांगली गोष्ट घडली, जिचं महत्त्व मला फार मोठं वाटतं. इथे कुटुंबांना भत्ता मिळे आणि चूल ज्याची त्याची होती. रांगेत वाडगं धरून उभं राहायचं नाही. काय शिजवायचं, किती उरवायचं, हे आईने ठरवायचं. कोल्हापूरची भाजी, दूध, अंडी विकत घ्यायची. किती वर्षांनी त्या बायकांच्या हातात हा अधिकार परत आला होता!

१९४८ मध्ये छावणी बंद झाली. बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका इथे गेले. काही पोलंडला परतले. म्हातारपणी दिलेल्या मुलाखतींत त्यांनी आपल्या सवयी सांगितल्या आहेत. टेबलावरचा चुरा तळहातावर गोळा करून तोंडात टाकायचा. ताटात काही उरवायचं नाही, नातवंडांनाही उरवू द्यायचं नाही. कपाट भरलेलं हवं. शिळा पाव टाकायचा नाही, काही केल्या नाही.

आपल्याकडे अन्नाला पाय लागला की हात जोडतात. पोलंडमध्येही खाली पडलेला पाव उचलून ओठांना लावायची जुनी रीत आहे. रीत आधीची, भीती नंतरची. सायबेरियाहून आलेल्या आजीने पाव उचलला, तर त्यात दोन्ही असणार, आणि वेगळं काढणं तिलाही जमणार नाही.

या सवयींचा घरच्यांना जाच झाला, हेही खरं. जेवणावरून भांडणं झाली, मुलांना बळेच भरवलं गेलं. आई कंजूस आहे, असं समजून मुलं मोठी झाली. कारण बऱ्याच घरांत कारण सांगितलंच गेलं नाही. जे पोलंडला परतले, त्यांना तर तोंड उघडायची सोयच नव्हती. १९८९ पर्यंत तिथे कम्युनिस्ट राजवट होती आणि सोव्हिएतांनी केलेल्या हद्दपारीबद्दल उघड बोलणं धोक्याचं होतं. वळिवड्यात आम्ही सुखात होतो, असं सांगायला गेलं तर पुढचा प्रश्न येई : तिथे पोचलात कसे?

(दृश्य : महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ, कोल्हापूर. नंतर पुन्हा गांधीनगर.)

आज कोल्हापुरात या पाहुण्यांचा स्मृतिस्तंभ आहे आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक. लंडनमध्ये जमणाऱ्या जुन्या छावणीकरांनी आपल्या आठवणी जिद्दीने लिहून काढल्या, म्हणून आपल्याला एवढं तरी कळलं.

पोलिश लोक गेल्यावर याच जागेवर फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं वसली. वळिवड्याच्या मुलांचे वडील आणि भाऊ अँडर्स यांच्या सैन्यातून इटलीत लढत होते, तेव्हा त्याच इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीही होती. सातारा-कोल्हापूरच्या गावांत तिथून परतलेल्या जवानांची घरं आहेत. त्या घरांत कोण दाराकडे पाठ करून जेवायचं नाही, कोण फटाक्यांच्या दिवसांत शेतावर जाऊन झोपायचं, कोणाच्या पेटीला कायम कुलूप असायचं, हे फारसं कोणी लिहून घेतलेलं नाही. तुमच्या घरात अशी आठवण असेल तर ती या व्हिडिओखाली लिहा. नावगाव नको. सवय काय होती आणि घरचे तिला काय म्हणायचे, तेवढं लिहा.