नाव छापायचं की नाही

(दृश्य: अप्पा बळवंत चौक, दुपार. दुकानांबाहेर मांडलेली स्पर्धा परीक्षांची पुस्तकं.)

लिंगबदलाच्या स्वतःच्या अनुभवावर कुणी लिहिलेलं पुस्तक आहे का, असं या चौकात विचारलं, तर दुकानदार फार शोधत बसत नाही. 'मी हिजडा, मी लक्ष्मी' काढून समोर ठेवतो. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन, शब्दांकन वैशाली रोडे यांचं, मनोविकास प्रकाशन, २०१२. पुस्तक वाचण्यासारखं आहेच. पण आम्हाला हवा होता उलट दिशेचा प्रवास. जन्माला आल्यावर मुलगी म्हणून नोंद झाली, फ्रॉक घातले गेले, आणि पुढे जो पुरुष म्हणून जगू लागला, त्याने स्वतः लिहिलेलं पुस्तक.

दुकानदार म्हणाला, "तसं पण असतं का?"

असतं. आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जुनं आहे.

(दृश्य: जहाज, बंदर, मग हिमालयातला घाटरस्ता.)

१९४६ साली इंग्लंडमध्ये 'सेल्फ' नावाचं एक पुस्तक निघालं. लेखक मायकेल डिलन. विषय शरीरातल्या ग्रंथी, संप्रेरकं आणि नीतिशास्त्र. मन एका लिंगाचं आणि शरीर दुसऱ्या, असा माणूस समोर आला आणि त्याचं मन काही केल्या बदलत नसेल, तर शरीर बदलायला हरकत काय, असा त्याचा रोखठोक सवाल. पुस्तकभर भाषा तटस्थ अभ्यासकाची. आपण स्वतःच कित्येक वर्षं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेतोय, हे मात्र लेखक कुठेही सांगत नाही.

युद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांना नवे चेहरे देणारे सर हॅरल्ड गिलीज हे त्याचे सर्जन. १९४६ ते १९४९ या काळात त्यांनी डिलनवर डझनभराहून जास्त शस्त्रक्रिया केल्या. त्याच वर्षांत डिलन डब्लिनला वैद्यकीय शिक्षण घेत होता. पुढे तो जहाजावर डॉक्टर झाला. खलाशांना डॉक्टर हवा होता, तो मिळाला. बाकी चौकशा कोण करतो?

घात केला तो वंशावळींनी. डिलनचं घराणं सरदारांचं. ब्रिटनमध्ये अशा घराण्यांच्या वंशावळी छापणारे दोन नामांकित ग्रंथ आहेत. एकात त्याच्या मोठ्या भावाचा वारस म्हणून 'मायकेल', आणि दुसऱ्यात त्याच जागी बहीण. ही विसंगती वर्तमानपत्रांनी हेरली. १९५८ साली बातमी फुटली, तेव्हा डिलन बोटीवर होता. तो पुन्हा इंग्लंडमध्ये राहायला गेला नाही. तो भारतात आला. कालिंपाँग, सारनाथ, मग लडाखमधला रिझाँग मठ. नाव घेतलं लोबझांग जीवक. बुद्धाच्या वैद्याचं नाव जीवक होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

आत्मचरित्र त्याने इथेच पूर्ण केलं आणि लंडनला धाडलं. १५ मे १९६२ रोजी डलहौसीला तो वारला. वय ४७. हस्तलिखित पन्नासहून जास्त वर्षं पडून राहिलं, आणि 'आऊट ऑफ द ऑर्डिनरी' या नावाने छापून आलं ते अगदी अलीकडे. पुण्यातून निघणाऱ्या हिमाचलच्या सहलींत डलहौसी हमखास असतं. तिथे हा किस्सा गाईड सांगत नाही.

डिलनवर इतका वेळ घालवण्याचं कारण आहे. या पुस्तकांची खरी अडचण त्याच्या आयुष्यात उघडी पडते. टेस्टोस्टेरॉन सुरू झालं की आवाज फुटतो, दाढी येते, पाळी थांबते. काही वर्षांनी रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. यासाठीच तर सगळा आटापिटा केलेला असतो. आणि आत्मचरित्र लिहायचं म्हणजे हे कमावलेलं आपल्या हाताने परत करायचं.

अमेरिकेत १९७७ साली अशा अनुभवाचं 'इमर्जन्स' हे आत्मचरित्र आलं. लेखक म्हणून नाव मारिओ मार्टिनो. तेही टोपणनाव.

लू सलिव्हनने वेगळीच वाट काढली. लहानपणापासून तो रोजनिशी लिहायचा. त्याला पुरुष व्हायचं होतं आणि प्रेमही पुरुषांवरच करायचं होतं. हे गणित त्या वेळच्या लिंगबदल करणाऱ्या क्लिनिकांना सुटेना, म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. एड्सने तो १९९१ मध्ये गेला. वह्यांमधली निवड २०१९ साली प्रसिद्ध झाली. प्रकाशनासाठी आवरून न बसलेलं हे लेखन आम्हाला या सगळ्यांत जास्त जिवंत वाटलं.

जेमिसन ग्रीनने मात्र २००४ मध्ये पुस्तकाच्या नावातच स्वतःला 'दिसणारा पुरुष' म्हणून टाकलं. आणि थॉमस पेज मॅक्बी बॉक्सिंग शिकायला गेला. त्याच्या 'अमॅच्युअर'मध्ये शस्त्रक्रियेपेक्षा पुरुषांच्या जगाचं निरीक्षण जास्त आहे. आपला आवाज खाली उतरल्यावर मीटिंगमध्ये लोक आपलं ऐकून घेऊ लागले, ही गोष्ट त्याला आनंदापेक्षा अस्वस्थ करते. ही माहिती बायकांना नवी नाही. पण दोन्ही बाजूंनी अनुभव घेतलेला साक्षीदार विरळाच.

(दृश्य: कोथरूड, संध्याकाळ. भिंतीवरची पुस्तकांची फळी. माणूस दिसत नाही, फक्त हात.)

भारतात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ मध्ये कायदा आला, त्यासोबत जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आलं. पुस्तकं मात्र बहुतेक दुसऱ्याच्या हातून. ए. रेवती या स्वतः ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली स्त्री. त्यांच्या २०१६ च्या इंग्रजी पुस्तकात ट्रान्स पुरुषांनाही, म्हणजे डिलनसारख्यांनाही, बोलायला जागा आहे. २०१८ मध्ये नंदिनी कृष्णन यांचं 'इनव्हिजिबल मेन' आलं, आणि आम्हाला असं का रंगवलंय, म्हणून ट्रान्स पुरुषांमधूनच त्यावर टीका झाली. मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा आहे. आमचं जगणं आम्ही लिहू, हे दलित आत्मकथनांनी आपल्याला ठणकावून सांगितलंय. 'बलुतं' आलं तेव्हा, वस्तीची अब्रू चव्हाट्यावर मांडली, असं म्हणणारेही होतेच.

या फळीचा मालक स्वतः ट्रान्स पुरुष, हिंजवडीत नोकरीला आहे. चेहरा नको, नाव नको, या अटीवर तो बोलायला तयार झाला.

"माझं नाव एकदा छापून आलंय. राजपत्रात. जुनं नाव, नवं नाव. तेवढं पुरे झालं," तो हसून सांगतो. "ऑफिसात कुणाला माहीत नाही. सोसायटीत मी गणपतीची वर्गणी गोळा करणारा मुलगा आहे. पुस्तक काढलं की दुसऱ्या दिवसापासून मी परत एक विषय."

पण लिहायचंच ठरवलं तर?

"टॉप सर्जरी, म्हणजे छातीची शस्त्रक्रिया, दोन पानांत उरकीन. लोक तेवढंच विचारतात, म्हणून तर. एप्रिलमध्ये बाइंडर, म्हणजे छाती दाबून सपाट करणारा घट्ट कपडा, घालून पीएमपीच्या बसमध्ये उभं राहणं, त्याला एक प्रकरण. आजीला एक. तिने कधी काही विचारलं नाही, फक्त एका दिवाळीत ओवाळताना मला भावांच्या रांगेत बसवलं. आणि सगळ्यात मोठं प्रकरण चुलतभावाच्या लग्नाचं. पंगतीत जिलबी वाढायला मला काकांनी हाक मारली. नावाने. नव्या नावाने. आचारी पण बघायला लागला, एवढ्या मोठ्यांदा."

लेखक म्हणून कुठलं नाव घालशील?

"टोपणनाव. मराठीत त्याला कोण हसणार? धाकटी बहीण आहे मला, मीरा. तिचं नाव घ्यायचं आणि पुढे अग्रज जोडायचं. शिरवाडकरांनी तेच केलं होतं ना?"