०८ आणि ०९ : जुहूवर उतरलेलं जेट

(दृश्य : मुंबईचा नकाशा. जुहू चौपाटी, तिच्यामागे जुहू विमानतळ, आणखी पूर्वेला सांताक्रूझ.)

२४ सप्टेंबर १९७२. लंडन-टोकियो मार्गावरचं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ मुंबईत उतरत होतं. उतरायचं होतं सांताक्रूझच्या, म्हणजे मुंबईच्या मुख्य विमानतळाच्या, ०९ धावपट्टीवर. चाकं टेकली ती जुहूच्या ०८ वर. धावपट्टी संपली तरी विमान थांबेना, ते टोक ओलांडून पुढे गेलं. जीवितहानी झाली नाही. विमान मात्र कायमचं मोडीत निघालं. आणि जुहूला हे नवीनही नव्हतं. १९५३ च्या जुलैमध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट जेट असंच सांताक्रूझ समजून तिथे उतरलं होतं. ते धड राहिलं, काही दिवसांनी उडवून नेता आलं.

मुंबईत वारा बहुतेक वेळ पश्चिमेचा. त्यामुळे विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून येऊन २७ वर, म्हणजे ०९ च्याच धावपट्टीवर उलट दिशेने, उतरतात. वारा फिरला की समुद्राकडून ०९ वर यावं लागतं, आणि तेव्हा सांताक्रूझच्या आधी जुहू दिसतं. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिची चुंबकीय दिशा जवळच्या दहा अंशांपर्यंत धरून, शेवटचं शून्य काढून उरलेली संख्या. ०८ आणि ०९ मध्ये फरक दहा अंशांच्या आसपास. बाजूचा वारा असेल तर विमान नाक तिरकं धरूनच येतं, त्यात एवढा फरक सहज लपतो. पुन्हा दोन्ही विमानतळांवर मुख्य धावपट्टीला छेदणारी दुसरी धावपट्टी आहे : जुहूला १६-३४, सांताक्रूझला १४-३२. वरून पाहणाऱ्याला ठेवण तीच. फरक लांबीत. जुहूची मुख्य धावपट्टी ११४३ मीटर, सांताक्रूझची जवळपास साडेतीन किलोमीटर.

(दृश्य : रात्रीचं कॉकपिट. समोर काळा समुद्र, पलीकडे किनाऱ्याचे दिवे.)

बहात्तर साली निदान उजाडलेलं होतं. रात्री धावपट्टीचा रंग, इमारती, उभी विमानं यातलं काहीच दिसत नाही. दिसतात दिव्यांच्या दोन समांतर रांगा आणि विमानतळाची खूण सांगणारा हिरवा-पांढरा फिरता दिवा, म्हणजे बीकन. ते छोट्या विमानतळावरही असतात. उताराचा कोन दाखवणारे पॅपी दिवे तिथे असले, तर दोन पांढरे-दोन लाल असं बिनचूक चित्रही मिळतं. चुकीच्या धावपट्टीचं, एवढंच! अशा वेळी कमी असतं ते मोठ्या विमानतळापुढचं अॅप्रोच लाइट्सचं, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे वाट दाखवणाऱ्या दिव्यांचं, जाळं, जे ९०० मीटरपर्यंत लांब असू शकतं. पण नसलेली गोष्ट खटकायला डोकं शांत लागतं.

१२ जानेवारी २०१४ च्या रात्री अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीचं बोइंग ७३७ ब्रॅन्सन विमानतळाऐवजी शेजारच्या छोट्या विमानतळावर उतरलं, १२४ प्रवाशांसह. ब्रॅन्सनची धावपट्टी १४ नंबरची, ७१४० फूट. उतरले ती १२ नंबरची, ३७३८ फूट, म्हणजे जवळपास जुहूएवढीच. जोरदार ब्रेक लावून विमान थांबलं तेव्हा पुढे काही शे फूट उरले होते. कॉकपिटमधली यंत्रं धड होती. वैमानिकांना दिवे दिसले, कंट्रोलरने व्हिज्युअल अॅप्रोचची, म्हणजे डोळ्यांनी धावपट्टी बघून उतरण्याची, परवानगी दिली, आणि तिथून पुढे पडताळणी थांबली. एकदा ‘रनवे इन साइट’ (धावपट्टी दिसली) म्हटलं, की दुसरा वैमानिकही तोच रनवे बघायला लागतो. आमच्या मते खरा धोका इथे आहे.

(दृश्य : नॅव्हिगेशन डिस्प्ले, त्यावर धावपट्टीची वाढवलेली मध्यरेषा.)

यावरचा उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा. व्हिज्युअल असलं तरी त्या धावपट्टीचं आयएलएस, म्हणजे उतरण्याची वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा, लावायचं, त्याची मोर्स सांकेतिक ओळख तपासायची, मध्यरेषा पडद्यावर ठेवायची. आणि अंतराशी उंचीचा हिशोब चालू ठेवायचा. तीन अंशांच्या उतारात दर नॉटिकल मैलाला सुमारे ३२० फूट खाली यायचं असतं. म्हणजे धावपट्टीपासून ३ मैलांवर उंची हजार फुटांच्या आत-बाहेर हवी.

हाच हिशोब जुहूला लावा. जुहूची धावपट्टी दोन-अडीच किलोमीटर अलीकडे सुरू होते. तिच्यावर नेम धरला, तर हजार फुटांवर असताना सांताक्रूझचं अंतर सव्वाचार-साडेचार मैल दिसेल. ग्लाइड स्लोपचा (उताराची योग्य रेषा दाखवणारा) हिरा पडद्यावर पार वरच्या टोकाला जाऊन बसेल : विमान फार खाली आहे. उलट, सांताक्रूझच्या बरोबर उतारावर असताना मध्येच जुहूचे दिवे दिसले आणि तेच खरे वाटले, तर विमान एकाएकी ४०० फूट उंच भासतं. मग नाक खाली, पॉवर कमी, उतरण्याचा वेग मिनिटाला हजार फुटांच्या पुढे. ‘आपण अचानक उंच कसे झालो?’ हा प्रश्न तिथेच पडायला हवा. उत्तर सापडत नसेल, तर थ्रॉटल पुढे, गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाऊन नव्याने येणं. फार तर पंधरा-वीस मिनिटं आणि थोडं इंधन जातं.

(दृश्य : कंट्रोल टॉवर.)

ब्रॅन्सननंतर अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने टॉवरसाठीही शिफारस केली : फसवू शकणारे सगळे विमानतळ मागे पडेपर्यंत विमानाला उतरण्याची अंतिम परवानगी देऊ नका. विमानतळांमध्ये आठ-दहा किलोमीटर असतील, तर हे उत्तम. ०९ वर येणारं विमान जुहू ओलांडतं, तेव्हा १४० नॉट वेगाने त्याच्याकडे अर्ध्या मिनिटाच्या आसपास उरतं. परवानगी तोवर रोखली, तर अर्धी विमानं गो-अराउंडच करतील. त्यामुळे इथे ती पडताळणी कॉकपिटमध्येच, हजार फुटांच्या वर, समुद्रावर असतानाच उरकावी लागते.